दोष पायाचा की पेडलचा?

नवीन गाडी घेताना आपण काय काय बघतो? मायलेज, रंग, म्युझिक सिस्टीम, डिकीची जागा. पण ज्यांच्यावर ड्रायव्हरचे पाय सतत काम करतात त्या तीन पेडल्सकडे कुणी वाकून बघतं का? सहा महिन्यांनी डावा गुडघा कुरकुरायला लागतो, कंबर एकाच बाजूला धरते आणि खापर फुटतं वयावर, वजनावर नाहीतर उंचीवर!

आमच्या घरातलंच उदाहरण देते. माझी आई जेमतेम पाच फूट. लायसन्स असून तिने दोन वर्षं गाडीला हात लावला नव्हता. "क्लच दाबायला मला सीटच्या काठावर यावं लागतं, गाडी माझ्या मापाची नाहीच," असं ती म्हणायची. मेकॅनिकलच्या विद्यार्थिनीला हे वाक्य खटकणारच. म्हणून टेप घेऊन मी गाडीत शिरले. (शाळा कॉन्व्हेंटची, त्यामुळे तांत्रिक शब्द इंग्रजीच येतील, सांभाळून घ्या.)

पेडल्स डावीकडे का सरकतात?

आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे बसतो. त्याच्या उजव्या पायाच्या जरा पुढेच गाडीचं पुढचं चाक असतं. चाकाला वळायला आणि खड्ड्यात वरखाली व्हायला जागा हवी, म्हणून त्याची कमान, म्हणजे व्हील आर्च, आत पाय ठेवायच्या जागेत घुसते. छोट्या गाडीत लांबी कमी असल्यामुळे सीट पुढे, चाकाजवळ येते. मग अॅक्सिलरेटर डावीकडे सरकतो, तो ब्रेकला ढकलतो आणि ब्रेक क्लचला. पलीकडे गिअरचा कन्सोल असतोच. क्लच त्याला जाऊन भिडतो आणि डावा पाय टेकायला जागाच उरत नाही.

सीटची मध्यरेषा क्लच आणि ब्रेकच्या साधारण मधोमध यावी असं मी धरलं. आमच्या गाडीत ही जोडी सुमारे ५ सें.मी. डावीकडे निघाली. कमरेपासून पेडलपर्यंतचं अंतर ८० सें.मी. धरलं, तर टॅन इन्व्हर्स ५/८० म्हणजे साधारण साडेतीन अंश. आकडा किरकोळ वाटतो, पण ट्रॅफिकमध्ये क्लच शेकडो वेळा दाबला जातो आणि दर वेळी कंबर त्याच बाजूला वळलेली असते.

उंचीचा प्रश्न

डिझायनर ड्रायव्हरची जागा दोन बिंदूंवरून आखतात : टाच जमिनीला टेकते तो हील पॉइंट आणि कमरेचा सांधा येतो तो एच-पॉइंट. सीट मागेपुढे सरकवून बुटक्या-उंच सगळ्यांना सामावून घ्यायचं, अशी कल्पना. यासाठी माणसांची मापं लागतात. भारतीय शरीराच्या मापांचं देबकुमार चक्रबर्ती यांचं पुस्तक अहमदाबादच्या एन.आय.डी.ने १९९७ साली काढलं. क्रॅश टेस्टमध्ये सर्वांत जास्त वापरला गेलेला पुतळा मात्र सुमारे १७५ सें.मी. उंचीच्या पुरुषाचा आहे. आई त्याच्यापेक्षा कितीतरी बुटकी आहे!

बुटका ड्रायव्हर क्लचसाठी सीट पुढे ओढतो, की छाती स्टिअरिंगला जाऊन लागते. इथे प्रश्न फक्त आरामाचा राहत नाही. छातीचं हाड आणि एअरबॅगचं झाकण यांत किमान २५ सें.मी. अंतर असावं, असं अमेरिकेची रस्ते सुरक्षा संस्था सांगते, कारण एअरबॅग फार जोरात उघडते. भारतात १ जुलै २०१९ पासून नवीन गाड्यांत ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची आहे. आईचं अंतर भरलं १९ सें.मी.

उपाय : या क्रमानेच करा

१) मॅट. मॅटवर दुसरी मॅट टाकू नका. क्लच पूर्ण दाबला जात नाही आणि अॅक्सिलरेटर अडकू शकतो. याच कारणासाठी टोयोटाला २००९ मध्ये अमेरिकेत सुमारे ३८ लाख गाड्यांसाठी रिकॉल जाहीर करावा लागला. सैल चपलाही नकोत.

२) क्लचची केबल. केबलचा क्लच असेल तर फ्री प्ले तपासून घ्या. तो वाढला की क्लच अगदी तळाशी जाऊन सुटतो, म्हणजे पाय उगाचच लांबवावा लागतो. योग्य माप गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतं. पेडल जड झालं असेल तर केबल किंवा क्लच प्लेट दाखवून घ्या.

३) सीटची उंची, मग अंतर. सोय असेल तर आधी उंची लावा. नंतर पाठ टेकलेली ठेवून क्लच तळापर्यंत दाबा. गुडघा किंचित वाकलेला राहायला हवा आणि कंबर सीटवरून हलता कामा नये.

४) पाठ आणि स्टिअरिंग. हात लांब केल्यावर मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेला टेकावं. आता छातीचं अंतर मोजा. कमी भरलं तर पाठ थोडी कलती करा. स्टिअरिंग खालीवर होत असेल तर ते खाली घ्या, म्हणजे एअरबॅगचं तोंड चेहऱ्याऐवजी छातीकडे राहतं.

५) डावा पाय. गिअर टाकून झाला की पाय क्लचवरून काढा. डेड पेडल नसेल आणि जागा असेल, तर गाडीला बसणारी पायटेक घट्ट बसवून घ्या.

हे मात्र करू नका

ब्रेक पेडल वाकवणं, वेल्डिंग करणं, त्यावर लाकडी ठोकळा बांधणं, हे जुगाड सक्त मना! पेडल म्हणजे तरफ. रेशो ४ असेल तर पायाच्या २०० न्यूटनचे पुढे ८०० न्यूटन होतात. वेल्डिंगच्या उष्णतेने कमजोर झालेला दांडा ऐन वेळी वाकला तर? ठोकळा निसटून ब्रेकखालीच अडकला तर? खरोखर एक्स्टेन्शन किंवा हँड कंट्रोल लागत असेल, तर ते जाणकाराकडूनच बसवून घ्या आणि आरटीओचे नियम पाळा.

आईच्या बाबतीत काय झालं? जास्तीची मॅट काढली. गॅरेजमध्ये केबल मापात आणल्यावर क्लच वर सुटायला लागला, त्यामुळे सीट दोन खाचा मागे गेली. पाठ जरा कलती केली. छातीचं अंतर २५ सें.मी. झालं, आणि गॅरेजचा खर्च एका पिझ्झापेक्षा कमी! आता ती स्वतः हडपसरला ऑफिसला जाते. बाबांनी गाडी नेली की सीट पुन्हा मागे जाते, म्हणून तिच्या खाचेवर मी मार्करने खूण केली आहे.

५ सें.मी.चा तो तिरपेपणा मात्र तसाच आहे, कारण तो बॉडीतच आहे. लांबच्या प्रवासात तासाभराने उतरून पाय मोकळे करणं, एवढंच आपल्या हातात. तो दुरुस्त होऊ शकतो फक्त ड्रॉइंग बोर्डवर, आणि उद्या तिथे आपल्यापैकीच कुणीतरी बसणार आहे. तोपर्यंत टेस्ट ड्राइव्हला जाल तेव्हा वीस मिनिटं तरी बसा, वीस वेळा क्लच दाबा आणि घरात जी व्यक्ती सर्वांत बुटकी आहे तिलाही सोबत न्या!