उष्णतेची लाट आणि वृद्ध मांजर

वैशाखातील दुपारी घरातले मांजर माठाच्या तिवईखाली, न्हाणीघराच्या ओलसर फरशीवर किंवा जिन्याखालच्या अंधारात अंग लांब पसरून पडलेले दिसते. घरातील सर्वांत थंड जागा शोधून काढण्याचे त्याचे कसब इतके पक्के असते की, मांजर आपली सोय आपणच पाहते, त्याच्यासाठी उन्हाळ्यात वेगळे काही करावे लागत नाही, असा सर्वसाधारण समज आहे. तरुण व निरोगी मांजराच्या बाबतीत तो बऱ्याच अंशी खराही आहे. परंतु दहा वर्षांचे वय उलटलेल्या मांजराच्या बाबतीत हाच समज घातक ठरू शकतो. ज्या शरीरव्यापाराच्या बळावर मांजर उन्हाळा सोसते, तोच वार्धक्यात दुबळा होतो. आणि तो दुबळा झाल्याचे मांजर सहसा कळू देत नाही. हे कसे घडते व अशा मांजराचा सांभाळ कसा करावा, याचे विवेचन पुढे केले आहे.

उष्णतेची लाट म्हणजे काय?

कडक ऊन पडले म्हणजे उष्णतेची लाट आली, असे होत नाही. भारतीय हवामानशास्त्र विभागाच्या निकषानुसार, मैदानी प्रदेशात कमाल तापमान किमान ४० अंश सेल्सियस असले पाहिजे व ते त्या ठिकाणच्या सरासरीपेक्षा ४.५ अंशांनी किंवा अधिक चढलेले असले पाहिजे. डोंगराळ प्रदेशासाठी हीच मर्यादा ३० अंश आणि समुद्रकिनाऱ्यासाठी ३७ अंश आहे. सरासरी काहीही असो, तापमान ४५ अंशांवर गेले की ती लाटच समजली जाते. राजस्थानातील फलोदी येथे १९ मे २०१६ रोजी ५१ अंश तापमानाची नोंद झाली होती. अशा दिवसांत रात्रीही पुरेशा निवत नाहीत. दिवसभर तापलेल्या भिंती व छपरे रात्री ती उष्णता परत टाकीत राहतात, आणि शरीराला विसावा मिळत नाही.

मांजर अंगातील उष्णता कशी टाकते?

निरोगी मांजराच्या शरीराचे तापमान ३८ ते ३९ अंशांच्या आसपास, म्हणजे मनुष्याहून थोडे अधिक असते. भोवतालची हवा याहून थंड असेल तोवर अंगातील उष्णता हवेत व फरशीत निघून जाते; म्हणूनच मांजर थंड फरशीवर पोट टेकून पडते. परंतु हवाच शरीराहून अधिक तापली, की हा मार्ग बंद होतो. मग एकच उपाय उरतो, तो म्हणजे पाण्याचे बाष्पीभवन.

मनुष्याला घाम येतो, आणि तो वाळताना कातडी थंड होते. मांजराच्या अंगावर अशी सोय नाही. उष्णता टाकण्यास उपयोगी पडतील अशा घामाच्या ग्रंथी त्याच्या पंजांच्या गाद्यांपुरत्याच आहेत. त्यांची उणीव मांजर जिभेने भरून काढते. अंग चाटताना केसांना लागलेली लाळ वाळते आणि तेवढी उष्णता घेऊन जाते. कुत्र्याप्रमाणे तोंड उघडून धापा टाकणे हा मात्र मांजराचा नेहमीचा मार्ग नव्हे. स्वस्थ बसलेले मांजर धापा टाकू लागले, तर ते संकटाचे लक्षण होय.

बाष्पीभवनाची शक्ती किती, हे साध्या गणिताने समजते. शरीराच्या तापमानाला एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे २,४०० जूल उष्णता खर्च होते. चार किलोग्रॅम वजनाच्या मांजराच्या अंगावरून केवळ दहा ग्रॅम पाणी वाळले, तर त्याचे तापमान सुमारे पावणेदोन अंशांनी उतरेल एवढी उष्णता निघून जाते. दहा ग्रॅम म्हणजे दोन लहान चमचे पाणी! यावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली ही की, पाणी असेल तर मांजराचा निभाव लागतो. दुसरी ही की, ते पाणी शरीरातूनच खर्ची पडते.

एक सोपा प्रयोग

दोन सारखे तापमापक घ्यावेत. एकाच्या फुग्याभोवती ओल्या मलमलीची पट्टी गुंडाळावी, दुसरा कोरडाच ठेवावा, आणि दोन्ही विजेच्या पंख्यासमोर टांगावेत. काही मिनिटांनी ओल्या तापमापकातील पारा किंवा मद्यार्क खाली उतरलेला दिसेल. कोरड्यात काहीच फरक पडणार नाही. पंखा हवेला थंड करीत नाही. तो केवळ बाष्पीभवनाचा वेग वाढवितो किंवा अंगाभोवतालची हवा बदलतो.

घामाने भिजलेल्या माणसाला पंख्याखाली गार वाटते, म्हणून मांजरालाही तसेच वाटत असेल, असे मानणे चूक आहे. मांजराचे अंग त्या कोरड्या तापमापकासारखे असते. हवा शरीराहून थंड असेल तर पंख्याचा थोडा उपयोग होतो. हवा चाळीस अंशांवर गेली असता मात्र कोरड्या मांजरावर सोडलेला वारा त्याला उष्णताच पोहोचवितो. ओल्या फडक्याने अंग व पंजे पुसून मग पंखा लावला, तरच तो उपकारक ठरतो.

हाच प्रयोग मे महिन्यात नागपूरला केला असता दोन तापमापकांतील अंतर मोठे पडेल. चेन्नईत किंवा मुंबईत ते पुष्कळच कमी असेल. किनाऱ्यावरील हवेत आधीच बाष्प असल्याने पाणी सावकाश वाळते. त्यामुळे वाळ्याचे ओले पडदे व पाण्यावर चालणारे कूलर कोरड्या प्रदेशात उत्तम काम देतात. दमट प्रदेशात त्यांचा उपयोग थोडा. तेथे सावली, वारा खेळता ठेवणे व शक्य असल्यास वातानुकूलित खोली यांवर भिस्त ठेवावी.

वाळवंटाचा वारसा

पाळीव मांजराचे पूर्वज म्हणजे उत्तर आफ्रिका व पश्चिम आशियातील रुक्ष प्रदेशात वावरणारी रानमांजरे. शेतीच्या उदयानंतर, सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी, धान्याच्या कोठारांतील उंदरांमागे ती मनुष्यवस्तीत आली. कोरड्या प्रदेशातील या प्राण्याला पिण्यासाठी पाणी क्वचितच मिळे. शिकारीच्या मांसात जे पाणी असेल त्यावर भागवावे आणि त्यातील थेंबही वाया जाऊ देऊ नये, अशी त्याच्या मूत्रपिंडांची घडण झाली. आजही मांजराचे मूत्र मनुष्याच्या मूत्राहून कितीतरी अधिक दाट होऊ शकते. या सोयीमुळे त्याला तहानही मंदच लागते. शरीरातील पाणी बरेच घटेपर्यंत ते भांड्याकडे वळत नाही.

मूत्रपिंडे धडधाकट आहेत तोवर ही काटकसर शोभते. पण मूत्रपिंडांचा दीर्घकालीन ऱ्हास हा वृद्ध मांजरांत सर्रास आढळणारा विकार आहे. मांजराच्या एका मूत्रपिंडात रक्त गाळणाऱ्या सूक्ष्म घटकांची, म्हणजे नेफ्रॉनांची, संख्या सुमारे दोन लक्ष असते. मनुष्याच्या मूत्रपिंडात ती सुमारे दहा लक्ष असते. एकदा नष्ट झालेले नेफ्रॉन पुन्हा निर्माण होत नाहीत. उरलेले त्यांचा भार उचलतात, आणि सुमारे दोन तृतीयांश निकामी होईपर्यंत बाहेरून काहीच जाणवत नाही. त्यानंतर मूत्र दाट करण्याची शक्ती ओसरते, पाणी वाहून जाऊ लागते, आणि ते भरून काढण्यासाठी मांजर अधिक पाणी पिऊ लागते.

नेमकी याच ठिकाणी घरच्या माणसांची फसगत होते. चैत्र-वैशाखात मांजर वारंवार पाणी पिऊ लागले की, ‘उन्हाळाच तसा आहे’ असे म्हणून ती गोष्ट सोडून दिली जाते. वास्तविक ती उन्हाची तहान नसून रोगाची पहिली खूण असू शकते. मधुमेह व थायरॉइड ग्रंथीचा अतिरेकी स्राव या विकारांतही तहान वाढते. ज्या मांजराला अंगातले पाणी राखता येत नाही, त्यालाच बाष्पीभवनासाठी पाण्याची सर्वाधिक गरज असते, हा वृद्ध मांजराच्या उन्हाळ्यातील खरा पेच होय.

त्यात आणखी भर पडते. अमेरिकेत २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत बारा वर्षांवरील शंभर मांजरांची क्ष-किरण चित्रे तपासली असता, त्यांपैकी ९० मांजरांत सांध्यांची झीज दिसून आली. दुखऱ्या सांध्यांमुळे वृद्ध मांजर जिना उतरून थंड जागी जाण्याचे टाळते, पाण्याच्या भांड्यापर्यंत चालत जाण्याचा कंटाळा करते आणि पाठ चाटण्यासाठी मान वळवीत नाही. चाटणे थांबले की लाळेचे बाष्पीभवन थांबते, आणि न विंचरलेल्या केसांच्या जटा अंगातील उष्णता कोंडून धरतात. स्थूल मांजरे, हृदयविकार जडलेली मांजरे व चपट्या तोंडाची पर्शियन मांजरे यांना तर अधिकच जपावे लागते.

पाण्याचा हिशेब

मांजराला रोज वजनाच्या प्रत्येक किलोग्रॅममागे सुमारे ५० मिलिलिटर पाणी लागते. म्हणजे चार किलोग्रॅमच्या मांजरास सुमारे २०० मिलिलिटर. कोरड्या दाणेदार खाद्यात सुमारे दहा टक्के पाणी असते. असे ६० ग्रॅम खाद्य खाल्ल्यास केवळ ६ मिलिलिटर पाणी मिळते. उरलेले १९४ मिलिलिटर प्यावे लागते. याउलट ओल्या खाद्यात किंवा उकडलेल्या मासळीत सुमारे तीन चतुर्थांश पाणी असते. २०० ग्रॅम ओल्या खाद्यातून १५० मिलिलिटर पाणी आपोआप पोटात जाते. म्हणून लाटेच्या दिवसांत वृद्ध मांजराचे अन्न ओले असावे, किंवा त्यात कोमट पाणी मिसळावे. मूत्रपिंडाच्या विकारासाठी पशुवैद्याने विशिष्ट आहार ठरवून दिला असल्यास तो बदलू नये. तोच पाण्यात कालवावा. ओले अन्न अर्ध्या-पाऊण तासाहून अधिक काळ बाहेर ठेवू नये, ते लवकर नासते.

मासळी किंवा कोंबडी उकडलेले पाणी मांजरे आवडीने पितात. मात्र त्यात मीठ, कांदा व लसूण नसावा. कांदा-लसूण मांजराच्या तांबड्या रक्तपेशींचा नाश करतात. दूध हा पाण्याचा पर्याय नव्हे. पुष्कळ प्रौढ मांजरांना दुधातील शर्करा पचत नाही. त्यांना जुलाब होतात आणि असलेले पाणीही निघून जाते.

पाण्याची भांडी रुंद व उथळ असावीत, आणि मांजर जेथे जेथे बसते तेथे तेथे एकेक ठेवावे. सच्छिद्र मातीच्या भांड्यात कोरड्या हवेत पाणी गार राहते. मांजर रोज किती पाणी पिते, हे मोजता येते. सकाळी मोजून पाणी ओतावे व दुसऱ्या सकाळी उरलेले मोजावे. तेवढेच पाणी घातलेले दुसरे तसेच भांडे तारेच्या जाळीखाली शेजारी ठेवावे. त्यातील घट म्हणजे हवेत उडालेले पाणी. ती वजा केली की मांजराने प्यायलेले पाणी कळते. ते नेहमीपेक्षा स्पष्टपणे वाढले असेल, तर रक्त व मूत्र तपासून घ्यावे. वजनाच्या प्रत्येक किलोग्रॅममागे १०० मिलिलिटरहून अधिक झाले असेल, तर मुळीच विलंब करू नये. पाणी मात्र कदापि तोडू नये. वजनही दर आठवड्याला करावे. चार किलोग्रॅमच्या मांजराचे २०० ग्रॅम वजन घटणे हे साठ किलोग्रॅमच्या माणसाचे तीन किलोग्रॅम घटण्यासारखे आहे.

घरातील व्यवस्था

पत्र्याच्या किंवा उघड्या गच्चीखालच्या खोलीत मांजरास दुपारी कोंडू नये. तळमजल्यावरील किंवा उत्तरेकडील खोलीत पडदे ओढून, फरशीवर त्याची जागा करावी, व पाणी, अन्न आणि विष्ठेची पेटी चार पावलांत येतील अशी ठेवावीत. पाणी मात्र पेटीस लागून नसावे. थंड फरशीलगत एक मऊ घडीही असू द्यावी, म्हणजे दुखऱ्या सांध्यांना निवड करता येते. रोज हलक्या हाताने केस विंचरावेत. कातडीपर्यंत केस भादरू नयेत. केस उन्हापासून रक्षणही करतात. बंद मोटारीत मांजरास क्षणभरही ठेवू नये. हृदयाची किंवा लघवी वाढविणारी औषधे चालू असल्यास उन्हाळ्यापूर्वीच पशुवैद्याचा सल्ला घ्यावा.

धोक्याची चिन्हे व प्रथमोपचार

उघड्या तोंडाने धापा टाकणे, तोंडातून लाळ गळणे, हिरड्या लालभडक किंवा फिकट पडणे, ओकारी, झोकांड्या, हाकेस प्रतिसाद न देणे ही उष्माघाताची चिन्हे होत. कातडी चिमटीत धरून ती किती वेगाने पूर्ववत होते, यावरून पाण्याची घट ओळखण्याची रीत आहे. पण वृद्ध मांजराची कातडी मुळातच सैल असल्याने ती रीत फसवी ठरते. हिरडीला बोट लावून पाहावे. ती ओलसर न लागता चिकट लागली, तर अंगात पाणी कमी आहे असे समजावे.

अशा वेळी मांजरास तत्काळ सावलीत आणावे. पोट, पंजे व अंग साध्या गार पाण्याने भिजवावे आणि वारा घालावा. बर्फ लावू नये, कारण त्याने कातडीतील रक्तवाहिन्या आकुंचन पावतात व आतील उष्णता आतच अडकते. ओले फडके अंगाभोवती गुंडाळून ठेवू नये. ते लवकरच तापते. शुद्ध हरपलेल्या मांजराच्या तोंडात पाणी ओतू नये, ते श्वासनलिकेत जाते. तापमान मोजता येत असेल तर ते ३९.५ अंशांवर उतरताच भिजविणे थांबवावे. मात्र हे सर्व पशुवैद्याकडे नेण्याची तयारी चालू असतानाच करावयाचे आहे. त्यासाठी जाणे लांबणीवर टाकू नये.

अंग तापले म्हणून माणसाच्या तापावरील गोळी कधीही देऊ नये. उष्माघात हा ताप नव्हे, त्यावर त्या गोळीचा उपयोग नाही. शिवाय पॅरासिटामॉल हे मांजराला विषच होय. ते निरुपद्रवी करून टाकण्याची शक्ती त्याच्या यकृतात फारच तोकडी असल्याने, एक गोळीदेखील प्राण घेऊ शकते. मांजर सावरल्यासारखे दिसले, तरीही त्यास पशुवैद्याकडे नेलेच पाहिजे. मूत्रपिंडांना झालेली इजा व रक्त गोठण्यातील बिघाड एक-दोन दिवसांनी प्रकट होतात.

वाळवंटातील पूर्वजांकडून मांजराला सोशिकपणा मिळाला, आणि त्याबरोबर आपले दुखणे लपविण्याची सवयही मिळाली. तारुण्यात त्या दोन्ही त्याच्या उपयोगी पडतात. वार्धक्यात मात्र ते मुकाट्याने सोसते, आणि त्या मुकेपणालाच लोक स्वस्थता समजतात. दररोज मोजलेले भांडेभर पाणी, आठवड्यास एकदा केलेले वजन आणि दुपारी जिन्याखाली टाकलेली एक नजर, एवढ्याने ते मुके दुखणे वेळीच ओळखता येते.