टक्कल का पडते?



नवी मुंबईतील वाशीचे एपीएमसी मार्केट तुमच्यापैकी काहींनी पाहिले असेल. कांदा-बटाटा, मसाला, दाणाबंदर, फळे आणि भाजीपाला अशा पाच बाजारांचा हा पसारा आहे. मालाने भरलेले ट्रक येथे रिकामे करणारे कामगार म्हणजे माथाडी. माथ्यावर ओझे वाहतो तो माथाडी. १९६९ साली महाराष्ट्रात अशा कामगारांसाठी जो कायदा झाला, त्याच्या नावातही हा शब्द आहे.

काही दिवसांपूर्वी कांदा-बटाटा मार्केटात एका वयस्क माथाडी कामगारांशी बोलणे झाले. मी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवतो हे कळल्यावर त्यांनी डोक्याचे फडके सोडले आणि मला आपले टक्कल दाखवले. म्हणाले, "सर, पंचवीस वर्षं गोण्या वाहिल्या, त्यात माथ्यावरचं सगळं गेलं. माझं जाऊ द्या. पण पोरगं बारावीला आहे. त्यानं एक गोणी उचलली नाही, तरी त्याचं कपाळ मागं सरकाय लागलंय. अभ्यास सोडून आरशापुढं उभं असतं. आठशे रुपयांची तेलाची बाटली आणली. हे नेमकं कशानं होतं?"

प्रश्न मोलाचा होता. शिवाय त्यात उत्तराचा एक भागही दडलेला होता. ओझ्याने टक्कल पडत असेल, तर ओझे न उचलणाऱ्या मुलाचे केस का जावेत? मी आजूबाजूला पाहिले. गादीवर बसून हिशेब लिहिणाऱ्या व्यापाऱ्याचे टक्कल अगदी तशाच आकाराचे होते, आणि तितकीच वर्षे गोण्या वाहिलेल्या दुसऱ्या एका कामगाराचे केस दाट होते. सततच्या घर्षणाने एखाद्या जागचे केस तुटू शकतात हे खरे. परंतु कपाळाच्या दोन्ही कोपऱ्यांतून मागे सरकणारे, माथ्यावर गोल पसरणारे आणि कानांवरची व मागची झालर शाबूत ठेवणारे हे टक्कल ओझ्याचे नव्हे. याला 'पुरुषी टक्कल' म्हणतात.

केस गळणे आणि टक्कल पडणे

प्रथम थोडे अंकगणित करू. माणसाच्या डोक्यावर सुमारे १ लाख केस असतात. प्रत्येक केस त्वचेतील एका सूक्ष्म पिशवीतून उगवतो. तिला केशपुटक म्हणतात. केस २ ते ६ वर्षे वाढतो, दोनतीन आठवड्यांत त्याची वाढ थांबते, सुमारे ३ महिने तो नुसता जागेवर राहतो आणि मग गळतो. त्याच केशपुटकातून पुन्हा नवा केस उगवतो. आता केसाचे आयुष्य सरासरी ३ वर्षे, म्हणजे ढोबळमानाने १,००० दिवस धरा. १ लाखाला १,००० ने भागले की उत्तर येते १००. म्हणजे निरोगी डोक्यावरूनही रोज शंभराच्या आसपास केस गळणारच! कंगव्यात केस दिसले म्हणून घाबरण्याचे कारण नाही. जितके गळतात तितकेच उगवत असतील, तर डोक्यावरची संख्या कायम राहते. विहिरीतून रोज पाणी उपसले तरी झरे चालू असले की पातळी टिकते, तसेच हे आहे.

मग टक्कल पडते कसे? येथेच बहुतेकांची गफलत होते. पुरुषी टकलात केस एकाएकी गळून संपत नाहीत. ते आधी बारीक होत जातात. केशपुटक दर फेरीला थोडे आक्रसते आणि वाढीचा काळ आखूड होतो. केस महिन्याला सुमारे १ सेंटिमीटर वाढतो. वाढीचा काळ ३ वर्षे असेल तर तो ३६ सेंटिमीटरपर्यंत जाईल, पण तोच काळ ४ महिन्यांवर आला तर ४ सेंटिमीटरवरच थांबेल. शिवाय जाडी निम्मी झाली की छेदाचे क्षेत्रफळ चौथाई होते. जाड, काळ्या केसाच्या जागी शेवटी अंगावर असते तशी फिकट लव उरते. म्हणजे टकलावर केस मुळीच नसतात असे नाही. ते इतके बारीक झालेले असतात की आपल्या डोळ्यांना जाणवत नाहीत.

हे घडवून आणतो कोण?

षंढ पुरुषांना टक्कल पडत नाही, हे ग्रीक वैद्य हिप्पोक्रेटिसच्या नावावरील ग्रंथात फार पूर्वीच नोंदलेले आहे. १९४२ साली अमेरिकन शरीररचनाशास्त्रज्ञ जेम्स हॅमिल्टन यांनी या निरीक्षणाला शास्त्रीय आधार दिला. वयात येण्यापूर्वीच ज्यांच्या वृषणांचे कार्य थांबले होते, अशा पुरुषांना टक्कल पडत नाही असे त्यांना आढळले. त्यांना टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक दिल्यावर काहींना टक्कल पडू लागले, पण ज्यांच्या घराण्यात टक्कल होते त्यांनाच. म्हणजे दोन गोष्टी एकत्र याव्या लागतात : संप्रेरक आणि आनुवंशिकता.

पुढे आणखी एक दुवा मिळाला. शरीरातील एक विकर, म्हणजे एंझाइम, टेस्टोस्टेरॉनचे रूपांतर डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन या अधिक प्रभावी संप्रेरकात करते. त्याला थोडक्यात डीएचटी म्हणू. १९७४ साली ज्युलियन इम्परातो-मॅकगिन्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅरिबियन समुद्रातील डॉमिनिकन प्रजासत्ताकातील काही कुटुंबांचे वर्णन प्रसिद्ध केले. या कुटुंबांतील काही पुरुषांत ते विकर जन्मतःच कमी होते, आणि त्यांच्या कपाळावरची केशरेषा मागे सरकत नव्हती. तेव्हा केशपुटकांना आक्रसवणारा कारभारी डीएचटी आहे, हे ध्यानात आले.

गंमत अशी की, हाच डीएचटी दाढीचे केस जाड करतो आणि माथ्यावरचे बारीक करतो. डोक्याच्या मागच्या भागातील केशपुटके मात्र त्याला फारशी दाद देत नाहीत. संदेश एकच असला तरी प्रत्येक ठिकाणचे केशपुटक त्याचा अर्थ वेगळा लावते. हा अर्थ कसा लावायचा ते जनुके ठरवतात. त्यांतील एक महत्त्वाचे जनुक एक्स गुणसूत्रावर आहे. मुलाला एक्स गुणसूत्र आईकडून मिळते, म्हणून "आईच्या वडिलांकडे पाहा" असे म्हणतात. ते अर्धेच खरे आहे. २०१७ साली ब्रिटनमधील सुमारे ५२,००० पुरुषांच्या अभ्यासात टकलाशी संबंध असलेल्या २८० हून अधिक जागा जनुकसंचात सापडल्या, आणि त्यांतील बहुतेक एक्स गुणसूत्राबाहेरच्या होत्या. तेव्हा वारसा दोन्ही बाजूंनी येतो.

पहिली लक्षणे

टक्कल म्हणजे केस बारीक होणे, हे समजले की पहिले लक्षण कोठे शोधायचे तेही समजते. उशीवरचे केस मोजण्यापेक्षा माथ्यावरच्या केसांची जाडी पाहावी. माथ्यावरचे केस मागच्या केसांपेक्षा मऊ व आखूड वाटू लागणे, कपाळाचे दोन्ही कोपरे खोल जाणे, भोवऱ्याजवळची त्वचा उजेडात चमकणे, ही सुरुवातीची चिन्हे होत. पुष्कळदा ती घरच्यांच्या आधी न्हाव्याला दिसतात. मात्र वयात येताना कपाळाची रेषा थोडी वर सरकते, ते नैसर्गिक आहे. तेवढ्यावरून टक्कल पडणारच असे समजू नये.

पदार्थविज्ञानाच्या साहाय्याने केसाची जाडी तुम्हांला शाळेतही मोजता येते. शिक्षकांच्या देखरेखीखाली लाल लेसर टॉर्च टेबलावर पक्का बसवा आणि त्याच्या झोतात एक केस उभा ताणून धरा. लेसरच्या झोताकडे कोणीही, केव्हाही, थेट पाहू नये. समोरच्या भिंतीवर आडव्या ओळीत प्रकाशाचे आणि अंधाराचे पट्टे दिसतील. मधला तेजस्वी पट्टा दुप्पट रुंद असतो. तो सोडून शेजारशेजारच्या दोन काळ्या पट्ट्यांच्या मध्यांतील अंतर मोजा. मग,

केसाची जाडी = (प्रकाशाची तरंगलांबी × केसापासून भिंतीचे अंतर) ÷ दोन काळ्या पट्ट्यांतील अंतर

लाल लेसरची तरंगलांबी ०.०००६५ मि.मी. आणि भिंत ३,००० मि.मी. दूर असेल, तर गुणाकार १.९५ येतो. पट्ट्यांतील अंतर २८ मि.मी. भरले तर केसाची जाडी सुमारे ०.०७ मि.मी., म्हणजे नेहमीसारखी. केस ०.०४ मि.मी. इतकाच जाड असेल, तर हेच अंतर ४९ मि.मी. होईल. केस बारीक झाला की पट्टे पसरतात! माथ्यावरचे पाच आणि मागचे पाच केस घेऊन सरासरी काढा. हे रोगनिदान नव्हे. पण टकलात काय बदलते हे यातून नीट कळेल. त्वचारोगतज्ज्ञ निदानासाठी भिंगातून केसांच्या जाडीतील असाच फरक पाहतात.

प्रत्येक केसगळती म्हणजे टक्कल नव्हे

टायफॉइड किंवा डेंग्यूसारख्या तापानंतर दोनतीन महिन्यांनी मूठमूठ केस गळतात. रक्तात लोह कमी असले तरी केस गळतात. अशा वेळी कारण दूर झाले की केस बहुधा परत येतात. नाण्याएवढे गुळगुळीत चट्टे पडले तर ती चाई असते. खवले आणि खाज असेल तर बुरशीची शंका घ्यावी. डिसेंबर २०२४ ते जानेवारी २०२५ या काळात बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव तालुक्याच्या अनेक गावांत स्त्रिया, पुरुष आणि मुले या सर्वांचेच केस काही दिवसांत गळाले. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी तपासणीनंतर त्याचा संबंध गव्हातील जादा सेलेनियमशी जोडला. दिवसांत गळणारे आणि सर्व वयांत दिसणारे ते प्रकरण पुरुषी टकलाहून अगदी निराळे होते. म्हणून केस एकाएकी गळू लागले तर आधी डॉक्टरांकडे जावे.

उपाय कोणते?

एपीएमसी मार्केटातून फिरलात तर केसांसाठी सांगितले जाणारे निम्मे घरगुती उपाय गोण्यांत भरलेले दिसतील : कांदा, आवळा, शिकेकाई, खोबरे. कांद्याच्या रसाबद्दल २००२ साली बगदादच्या डॉक्टरांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला, पण तो अवघ्या ३८ रुग्णांवर आणि तोही चाईवर होता, पुरुषी टकलावर नव्हे. खोबरेल तेलावर मुंबईच्या मॅरिको या तेल बनवणाऱ्या कंपनीतील संशोधकांनी २००३ साली निबंध प्रसिद्ध केला. हे तेल केसाच्या आत शिरते आणि केस धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी करते, असे त्यांना आढळले. म्हणजे उगवलेला केस तेलाने चांगला राहतो. परंतु त्वचेबाहेरचा केस निर्जीव असतो. त्याची निगा राखल्याने डीएचटीचा हुकूम बदलत नाही.

ज्यांचा उपयोग सिद्ध झाला आहे अशी औषधे मुख्यतः दोन. पहिले मिनॉक्सिडिल. हे मूळचे रक्तदाबाचे औषध. ते घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढू लागले, त्यावरून ते डोक्याला लावण्याची कल्पना निघाली, आणि १९८८ साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. गुण दिसायला ४ ते ६ महिने लागतात, पहिल्या काही आठवड्यांत केस उलट अधिक गळू शकतात, आणि औषध थांबवले की मिळालेला लाभ हळूहळू जातो. दुसरे फिनास्टेराइड. या गोळीला केसांसाठी १९९७ साली मान्यता मिळाली. डीएचटी तयार करणाऱ्या विकराला ती अडवते. काहींना तिच्यामुळे लैंगिक तक्रारी किंवा मनाची उदासी जाणवते. ती १८ वर्षांखालील मुलांसाठी नाही, आणि कोणीही ती डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून घेऊ नये.

तिसरा मार्ग केशरोपणाचा. मागचे केस पुढे लावले तरी ते आपला मूळचा गुण सोडत नाहीत, हे न्यूयॉर्कचे डॉ. नॉर्मन ओरेंट्राइक यांनी १९५९ साली दाखवून दिले. ही शस्त्रक्रिया आहे, तेव्हा ती रीतसर शिकलेल्या डॉक्टरांकडूनच करून घ्यावी. चौथा मार्ग सर्वांत स्वस्त : काहीही न करणे. पुरुषी टक्कल दुखत नाही, ते सांसर्गिक नाही आणि माणसाच्या कामात त्यामुळे काही उणे येत नाही.

या सगळ्याचा मथितार्थ असा की, आक्रसू लागलेले केशपुटक औषधाने काही अंशी सावरता येते, पण ते पुरते थकले की औषधाचा फारसा उपयोग नसतो. म्हणून ज्याला उपचार करायचे आहेत त्याने ते लवकर करावेत. आणि बाटलीवरच्या जाहिरातीत वेळ व पैसा घालवला तर नेमका हा लवकरचा काळच हातचा जातो.

त्या माथाडी मामांना मी एवढेच सांगितले, "मामा, तुमचे केस गोण्यांनी नेले नाहीत, आणि पोराचे तेलाने परत येणार नाहीत. पुढची बाटली आणू नका. त्याच पैशांत त्याला एकदा त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. आणि त्याला सांगा, यात त्याची काही चूक नाही."

ते हसले. फडके पुन्हा डोक्याला गुंडाळत म्हणाले, "हे शेवटचं आधी सांगतो त्याला."

करून पाहा : (१) वर दिलेल्या रीतीने स्वतःच्या डोक्याच्या तीन भागांतील केसांची जाडी मोजून तक्ता करा. (२) वाढीचा काळ ३ वर्षांऐवजी १ वर्ष झाला आणि केसांची संख्या तीच राहिली, तर रोज किती केस गळतील? (३) केसांच्या एखाद्या तेलाची जाहिरात घ्या. ती उगवलेल्या केसाबद्दल बोलते की केशपुटकाबद्दल, आणि पुरावा कोणता देते, ते वर्गात चर्चेला घ्या.