नवखा जोडीदार का निवडतात?

प्रश्न : अमेरिकेत अध्यक्षपदाचे मुरलेले उमेदवार कधी कधी उपाध्यक्षपदासाठी अगदी नवखी व्यक्ती का निवडतात? त्याचा फायदा होतो का?

उत्तर : फायदा होतो, पण थोडे दिवस. २९ ऑगस्ट २००८ रोजी रिपब्लिकन पक्षाचे उमेदवार जॉन मॅकेन यांनी बहात्तरी गाठली आणि त्याच दिवशी उपाध्यक्षपदासाठी सारा पेलिन यांचे नाव जाहीर केले. पेलिन अलास्काच्या गव्हर्नर होऊन दोन वर्षेही झाली नव्हती. त्याआधी त्या वासिला या छोट्या गावाच्या महापौर होत्या. मॅकेन यांच्या मनात होते सिनेटर ज्यो लीबरमन. पण ते मूळचे डेमोक्रॅट आणि गर्भपाताच्या हक्काचे समर्थक. पक्षात बंड होईल, असे सल्लागारांनी बजावले. मग घाईघाईत पेलिन पुढे आल्या : तरुण, कट्टर गर्भपातविरोधी आणि स्त्री. आदल्याच रात्री त्यांचे डेमोक्रॅट प्रतिस्पर्धी बराक ओबामा यांनी भाषणाने डेन्व्हरचे स्टेडियम गाजवले होते. लोकांचे लक्ष आपल्याकडे वळवणे मॅकेन यांना भाग होते.

ते वळलेही. रिपब्लिकन पक्षाच्या अधिवेशनातल्या पेलिन यांच्या भाषणाने कार्यकर्ते पेटून उठले, काही जनमत चाचण्यांत मॅकेन पुढे गेले. पण सप्टेंबरअखेर पत्रकार केटी कूरिक यांनी सीबीएस वाहिनीवर त्यांची मुलाखत घेतली, तेव्हा कोणती वर्तमानपत्रे वाचता, या साध्या प्रश्नालाही पेलिन यांना एक नाव सांगता आले नाही.

मॅकेन हरले ते मुख्यतः त्याच महिन्यात कोसळलेल्या अर्थव्यवस्थेमुळे, असे माझे मत आहे. तरी या निवडीने त्यांचे मोठे नुकसान केले. ओबामा अननुभवी आहेत, हाच मॅकेन यांच्या प्रचाराचा मुख्य मुद्दा होता. तो त्यांनी स्वतःच्या हाताने बोथट केला.

उपाध्यक्षपद शोभेचे, हा समज तर फारच घातक. आजवर नऊ उपाध्यक्षांना मुदतीच्या मध्येच अध्यक्ष व्हावे लागले. आठ वेळा अध्यक्षाच्या मृत्यूमुळे, एकदा राजीनाम्यामुळे. हॅरी ट्रुमन यांच्या पाठीशी सिनेटची दहा वर्षे होती. तरीही १९४५ मध्ये अध्यक्ष रूझवेल्ट गेले, तेव्हा उपाध्यक्ष होऊन त्यांना तीन महिनेही झाले नव्हते, आणि अणुबॉम्बची खरी माहिती त्यांना अध्यक्षपदाची शपथ घेतल्यावरच मिळाली. मुरलेल्या माणसाची ही गत, तर नवख्याचे काय होईल?

तरी पेलिन यांच्या नवखेपणाला मी दोष देत नाही. त्यांना नीट पारखून न घेता एवढ्या जबाबदारीसाठी उभे केले, हा दोष मॅकेन यांचा. लीबरमन यांना न निवडल्याची खंत त्यांनी २०१८ मध्ये, मृत्यूच्या काही महिने आधी आलेल्या आपल्या पुस्तकात नोंदवली आहे.