लग्नाचे जेवण व सावधगिरी

लग्नाची यादी करिताना घरची मंडळी पदार्थ कोणते व किती, एवढाच विचार करितात. पदार्थ शिजल्यापासून पानावर येईपर्यंत किती वेळ जाईल, हे कोणी विचारीत नाही. मोठ्या पंगतीत एक चूक अनेक घरांस भोवते. २० फेब्रुवारी २०२४ रोजी बुलढाणा जिल्ह्यातील सोमठाणा गावी सामुदायिक भोजनात भगर व आमटी खाऊन शेकडो लोक आजारी पडले. कित्येकांस उघड्यावर दोरीस बाटल्या टांगून सलाईन द्यावे लागले. म्हणून धामापूरच्या लग्नघराचे उदाहरण घेऊन आपण या विषयाचा अभ्यास करू.

“शंका आली तर पुन्हा उकळी द्यावी,” असा समज आपल्या गावांत आहे. तो घातक होय. उकळीने पुष्कळ जंतू मरतात. परंतु काही जंतूंनी आधीच केलेले विष तसेच राहते.

१. मासळी. धामापूर समुद्रकाठी नाही. मासळी मालवणाहून आणावी लागते. बांगडा किंवा सुरमई बर्फावाचून राहिल्यास तीत हिस्टामीन हे द्रव्य वाढते. वासावरून ते कळेलच असे नाही, व शिजविल्याने ते जात नाही. खाणाऱ्याचे तोंड लाल होते, अंगास खाज सुटते, डोके दुखते. यास्तव मासळी भरपूर बर्फात आणावी. तोच बर्फ सरबतात मात्र कदापि घालू नये.

२. भात. तांदळातील काही जंतूंची बीजे शिजविल्यावरही जगतात, व भात कोमट राहिल्यास वाढून विष करितात. म्हणून सगळा भात पहाटेच न शिजविता पंगतीगणिक शिजवावा.

३. सोलकढी. नारळाचा रस लवकर नासतो. तो पंगतीच्या सुमारास काढावा. तलावाचे वा विहिरीचे पाणी निर्मळ दिसले तरी पिण्यासाठी व कढीसाठी उकळलेलेच घ्यावे.

सर्वांस लागू असा नियम हा: ऊन पदार्थ ६० अंश सेल्सिअसच्या वर, थंड पदार्थ ५ अंशांच्या खाली, मधल्या उष्णतेत दोन तासांहून अधिक काहीही ठेवू नये. वैशाखात तर वेळ आणखी कमी धरावा.

आचारी ठरविताना २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्याप्रमाणे त्याची नोंदणी वा परवाना आहे काय, हे पाहावे. पंगतीस तान्ह्या मुलांच्या माता, गरोदर स्त्रिया व वृद्ध बसतात. त्यांच्याकरिता दोन पदार्थ कमी झाले, तर यजमानास कमीपणा येत नाही.