मठातील मुक्काम : स्थानवर्णनाचा अभ्यास

उद्दिष्टे

या पाठाच्या अभ्यासानंतर आपल्याला
• महानुभाव वाङ्मयातील स्थानविषयक संज्ञा स्पष्ट करता येतील.
• मुक्कामाच्या ठिकाणाची अभ्यासपूर्ण नोंद करता येईल.

प्रास्ताविक

विद्यार्थिमित्रहो, नोकरी, शेती आणि संसार सांभाळून आपण शिकत आहात. अभ्याससहलीसाठी वेगळा वेळ काढणे आपल्याला कठीण जाते. परंतु घरच्यांबरोबर घालवलेले दोन दिवसही अभ्यासाचे ठरू शकतात. यवतमाळलगतच्या लोहारा येथील एक कुटुंब शनिवारी सकाळी निघून नेर, अमरावती या मार्गाने रिद्धपूरला पोहोचते, रात्री तेथील मठात राहते आणि रविवारी परतते, अशी कल्पना करा. या मुक्कामातून मराठीच्या विद्यार्थ्याने काय घेऊन यावे, हा या पाठाचा विषय आहे.

विषय-विवेचन

१. रिद्धपूरचे महत्त्व

अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर ही गोविंदप्रभूंची कर्मभूमी होय. गुजरातेतून रामटेकच्या यात्रेस निघालेल्या चक्रधरांना गोविंदप्रभू येथेच भेटले. गोविंदप्रभूंच्या वास्तव्याचा राजमठ आजही भाविकांचे श्रद्धास्थान आहे. महदंबेचे धवळे गोविंदप्रभूंच्या विवाहप्रसंगाच्या निमित्ताने याच गावी रचले गेले. इ. स. १२७८ च्या सुमाराचे मानले जाणारे ‘लीळाचरित्र’ म्हाइंभटांनी येथील वाजेश्वरीत सिद्ध केले. म्हणजेच रिद्धपूरचा मुक्काम हा मराठी गद्याच्या माहेरी केलेला मुक्काम आहे.

२. ‘स्थानपोथी’ची दृष्टी

चक्रधर निघून गेल्यावर त्यांच्या शिष्यांपुढे एक बिकट प्रश्न उभा राहिला : गुरूंचा सहवास आता टिकवावा कसा? म्हाइंभटांनी ठिकठिकाणी जाऊन आठवणी गोळा केल्या. पुढे चौदाव्या शतकातील ‘स्थानपोथी’ने जागांची नोंद केली. देवळाचे दार कोणत्या दिशेला, मठ त्याच्या कोणत्या बाजूस, स्वामी नेमके कोठे बसले, एवढेच ती सांगते. दीर्घ वास्तव्याची जागा ते ‘अवस्थान’, रात्रीच्या मुक्कामाची ती ‘वसति’ आणि बसण्याची जागा ते ‘आसन’. उतरण्याच्या जागेला जुन्या मराठीत ‘बिढार’ म्हणत; आपले ‘बिऱ्हाड’ त्याच कुळातले.

या ग्रंथात विशेषणांची आरास नाही. तरीही तो कोरडा वाटत नाही, कारण प्रत्येक दिशेमागे हरवलेल्या माणसाची ओढ आहे. त्यात उल्लेखिलेली अनेक देवळे आज उभी नाहीत. त्यांची जागा शब्दांनी राखली आहे.

३. पाहुणेपणाची शिस्त

मठ हे हॉटेल नव्हे. मुक्कामाची सोय आधी विचारून घ्यावी, ‘दंडवत प्रणाम’ या अभिवादनास त्याच शब्दांनी उत्तर द्यावे आणि तेथील शाकाहार, निर्व्यसन व प्रार्थनेच्या वेळा पाळाव्यात. महानुभाव स्थानांवर बहुधा मूर्ती नसते. साधा ओटा असतो. ‘इथे पाहायचे काय?’ असे मुलांनी विचारल्यास त्या प्रश्नाला हसू नये. ‘इथे कोणीतरी बसले होते आणि ते विसरायचे नाही असे लोकांनी ठरवले,’ हे उत्तर मुलांना कळते.

४. नोंद कशी करावी?

पुढील दोन वाक्ये ताडून पाहा.

(अ) मठातील वातावरण अत्यंत प्रसन्न व मंगलमय होते.
(आ) सायंकाळी आजी ओट्याच्या उत्तरेस भिंतीला टेकून बसली. मुले तिच्यासमोर पायरीवर होती.

पहिले वाक्य कोणत्याही मठाला लागू पडते. दुसरे त्या एकाच संध्याकाळचे आहे. वीस वर्षांनंतर घरातील कोणी ते वाचेल, तेव्हा आजीची जागा त्याला बोटाने दाखवता येईल. शिष्यांनी आपल्या गुरूसाठी जे केले, तेच आपण आपल्या माणसांसाठी करू शकतो. मात्र त्यासाठी ती माणसे जवळ असतानाच वही उघडावी लागते.

स्वाध्याय

१. अवस्थान, वसति आणि आसन या संज्ञांतील फरक सोदाहरण स्पष्ट करा.
२. ‘स्थानपोथी’च्या वर्णनपद्धतीची दोन वैशिष्ट्ये लिहा.

क्षेत्रीय कार्य

रिद्धपूरला जाणे शक्य नसल्यास आपल्या गावातील मठ, देऊळ किंवा दर्गा निवडा. घरातील ज्येष्ठ व्यक्तीला सोबत न्या. तेथे कोण, कोठे, कोणत्या दिशेस बसत असे, हे त्यांना विचारून, एकही विशेषण न वापरता दहा ओळींत लिहा.