विसरण्याच्या भीतीचा बाजार

स्मरणशक्ती वाढवून देऊ म्हणणारा खेळ सुरू होण्याआधीच प्रश्न विचारतो : वय किती, झोप किती, अलीकडे नावं आठवत नाहीत का? माझ्या मावशीने सगळी उत्तरं खरी लिहिली. पुढे वर्गणी आपोआप कापली जाऊ लागली आणि ॲप काढून टाकल्यावरही थांबेना. बँकेत जाऊन ती बंद करता आली. पण तिच्या उत्तरांचं आणि रोजच्या गुणांचं काय केलं, या प्रश्नाला कंपनीने उत्तरच दिलं नाही.

मावशीची भीती खरी होती. या धंद्याचं भांडवल नेमकी तीच आहे.

अमेरिकेतलं ‘ल्युमोसिटी’ या मेंदूच्या खेळांच्या ॲपचं प्रकरण याचा पुरावा. हे खेळ वाढत्या वयातली स्मरणशक्तीची घसरण लांबवतात, असा दावा पुराव्याशिवाय केल्याचा ठपका तिथल्या फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी संस्थेने ठेवला. जानेवारी २०१६ मध्ये कंपनीने २० लाख डॉलर भरून तडजोड केली. गूगलवर स्मृतिभ्रंश, अल्झायमर असे शब्द शोधणाऱ्यांसमोर जाहिरात यावी, अशी तजवीज तिने केली होती. घाबरलेल्या माणसाला असं हेरणं मला खोट्या दाव्याइतकंच गैर वाटतं.

‘नेचर’मध्ये २०१० साली आलेल्या अभ्यासात ११,४३० लोक सहा आठवडे असे खेळ खेळले. खेळात ते तरबेज झाले. इतर बौद्धिक कामांत त्याचा फायदा दिसला नाही. करमणूक म्हणून खुशाल खेळावं. विसरणं खरंच वाढलं असेल, तर डॉक्टरांकडे जावं.

माहितीचा प्रश्न मात्र पैशांपेक्षा गंभीर आहे. उत्तराला किती वेळ लागला, चुका कधी वाढल्या, याच्या वर्षभराच्या नोंदी म्हणजे जवळपास आजारपणाची फाइलच. म्हणून खरी जन्मतारीख आणि आजारांची माहिती देऊ नये. फेसबुकच्या खात्यातून तर प्रवेश करूच नये. केंब्रिज ॲनालिटिका या कंपनीने फेसबुकवरची माहिती परस्पर मिळवल्याच्या प्रकरणात प्रश्नमंजूषेचं ॲप भारतात ३३५ जणांनी घेतलं होतं. पण मित्रयादीतल्यांचीही माहिती त्यातून जात असल्याने, फेसबुकच्याच अंदाजानुसार झळ पोचू शकली ती सुमारे ५.६२ लाख लोकांना. फोनमधले संपर्क आणि ठावठिकाणा मागणाऱ्या खेळाला नकारच द्यावा.

ॲप काढण्याआधी ऑटोपे रद्द करावं, मग खातं आणि माहिती पुसण्याची लेखी मागणी करून तिची प्रत जपावी. २०२३ च्या माहिती संरक्षण कायद्यात संमती मागे घेणं, ती देण्याइतकंच सोपं असावं, अशी तरतूद आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, अंमल टप्प्याटप्प्याने होतो आहे. अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांची पडताळलेली संमती हा कायदा मागतो. नातवंडांच्या हातात असा खेळ देणाऱ्या आजीआजोबांनीही हे ध्यानात ठेवावं.