तुझ्यावाचून अडलं पाहिजे

धुरीवाडा, मालवण
१८ फेब्रुवारी

चि. सानिका,


तुझा मेसेज वाचला. फोनवर बोललो असतो तर 'हो मामा, हो मामा' म्हणून मोकळी झाली असतीस, म्हणून सविस्तर लिहितो.

एम.ए.च्या दुसऱ्या सत्रानंतरच्या ओजेटीसाठी, म्हणजे ऑन-जॉब ट्रेनिंगसाठी, तुझ्यासमोर दोन जागा आहेत. एक अंधेरीतल्या नावाजलेल्या निर्मिती संस्थेची. तिथं काम काय असेल असं तू विचारलंस, तर 'आल्यावर बघू' एवढंच उत्तर मिळालं. दुसरी जागा आपल्या कुडाळ तालुक्यात चित्रीकरण करणाऱ्या एका लहानशा मालिकेच्या युनिटची. तिथं कंटिन्युइटी सांभाळणाऱ्या सहायक दिग्दर्शिकेच्या हाताखाली राहायचं. मैत्रिणी म्हणतात अंधेरी सोडू नकोस. आजीला दोन्ही पटत नाहीत. 'शिकूक जातंस काय चाय वाटूक?' असं ती विचारते, आणि तिचा प्रश्न टाकाऊ नाही.

माझं मत आधी सांगतो, कारणं मागाहून. कुडाळची जागा घे. पण घर जवळ आहे, आईच्या हातचं जेवण मिळेल, म्हणून घेऊ नकोस. जागा पारखायची माझी एकच कसोटी आहे. तू एक दिवस आली नाहीस तर तिथं काही अडेल का? अडणार असेल तर तिथं तू शिकशील, कारण ज्याच्यावाचून काम अडतं त्याला लोक शिकवतात. त्यांना शिकवावंच लागतं. अडणार नसेल, तर संस्थेचं नाव कितीही मोठं असो, तिथं तू पाहुणी.

आपल्याकडे ही विद्या अशीच पुढे गेली. कोल्हापुरात बाबूराव पेंटरांची महाराष्ट्र फिल्म कंपनी होती. पेंटरांनी स्वतः कॅमेरा घडवला तेव्हा हाताशी विष्णुपंत दामले होते. साहेबमामा फत्तेलाल तिथलेच. शांताराम वणकुद्रे हा तरुणही १९२० च्या सुमारास तिथं आला आणि पडेल ते काम करू लागला. १९२९ मध्ये दामले, फत्तेलाल, शांताराम आणि धायबर यांनी सीताराम कुलकर्णींना भागीदार घेऊन 'प्रभात' काढली. १९३३ मध्ये ती पुण्याला आली, आणि तिच्याच आवारात १९६० साली सरकारनं फिल्म इन्स्टिट्यूट सुरू केली. आज जिथं प्रवेश मिळावा म्हणून देशभरातली मुलं परीक्षा देतात, ती जागा ज्यांनी नावारूपाला आणली त्यांनी चित्रपटाची पदवी घेतलेली नव्हती. त्यांनी एका कंपनीत उमेदवारी केली होती.

यावरून शिक्षण फुकट असा अर्थ काढू नकोस. वर्गात तुला चुकायची मुभा असते, सेटवर ती नसते. आणि मुभा असताना चुकून घेतलेलं पुढे कामी येतं. नागराज मंजुळेंचा 'पिस्तुल्या' त्यांच्या अहमदनगरच्या अभ्यासक्रमातला प्रकल्प होता आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. विद्यापीठानं मागितलेलं काम आणि आपलं काम एकच असू शकतं, याचं याहून जवळचं उदाहरण माझ्याकडे नाही.

आता तू म्हणशील, मोठ्या माणसाचं काम नुसतं पाहूनही शिकता येतं की. येतं. चैतन्य ताम्हाणे रोलेक्सच्या गुरु-शिष्य उपक्रमातून आल्फोन्सो क्वारोनकडे गेले आणि मेक्सिकोत 'रोमा' घडताना त्यांनी जवळून पाहिला. पुढे त्यांच्या 'द डिसायपल'च्या मागे क्वारोन कार्यकारी निर्माते म्हणून उभे राहिले आणि २०२० मध्ये व्हेनिसला त्या मराठी चित्रपटाला पटकथेचं पारितोषिक मिळालं. पण क्रम बघ. ताम्हाणे तिकडे गेले ते 'कोर्ट' करून. स्वतः एक चित्रपट पार पाडलेल्या माणसाला दुसऱ्याच्या सेटवर काय पाहायचं ते कळतं. तो दिग्दर्शक इथं का थांबला, हा शॉट पुन्हा का घेतला, असे प्रश्न त्याला पडतात. तुझ्या हातून आतापर्यंत दोनच लघुपट झालेत, तेही वर्गमित्रांबरोबर. तुला आधी हात लावायला मिळालं पाहिजे. पाहायला पुढे आयुष्य आहे.

वरळीला दूरदर्शनच्या एडिटिंगमध्ये असताना मी शिकाऊ मुलं येताना-जाताना पाहिली. काही खुर्चीमागे उभी राहत, मान डोलावत, संध्याकाळी निघून जात. काही जण पहिल्याच आठवड्यात टेपची नोंदवही स्वतःकडे ओढून घेत: कुठल्या टेपवर कुठला शॉट, किती वेळावर, आवाज बरा की खराब. मग एडिटर त्यांच्याशिवाय बसेना. 'तो शॉट कुठाय रे?' या प्रश्नाचं उत्तर ज्याच्याकडे असतं, त्याला हळूहळू 'तो शॉट घेऊ की हा?' असंही विचारलं जातं. एवढीच काय ती बढतीची वाट.

कुडाळच्या युनिटात तुझ्यावाचून काय अडेल ते आता सांगतो. मुंबईहून आलेल्या कुणाकडे नाही असं तुझ्याजवळ बरंच आहे आणि तुला त्याची किंमत नाही.

पहिली गोष्ट मालवणी. १९८० साली गंगाराम गवाणकरांचं 'वस्त्रहरण' मच्छिंद्र कांबळींनी रंगभूमीवर आणलं तेव्हापासून ही बोली सगळ्या महाराष्ट्राला हसवते आहे. २०१६ मध्ये 'रात्रीस खेळ चाले' ही मालिका कुडाळ तालुक्यातल्या आकेरीत चित्रित झाली आणि रोज रात्री घराघरांत मालवणी ऐकू येऊ लागली. पण बोली म्हणजे प्रत्येक वाक्याला 'गो' आणि 'रे' चिकटवणं नव्हे. देवबागचा रापणकर, कुडाळचा दुकानदार आणि वेंगुर्ल्याची शिक्षिका एकसारखं बोलत नाहीत. पुण्याच्या नटीला ते कुणीतरी बसून सांगावं लागतं, आणि संवाद आदल्या रात्री येतात. ते काम मागून घे. मात्र तालमीआधी, बाजूला बसून सांग. चालू शॉटमध्ये नटाला दुरुस्त करायला जाऊ नकोस. तो अधिकार दिग्दर्शकाचा.

दुसरी गोष्ट समुद्र. तारकर्लीला किंवा चिवल्याच्या किनाऱ्यावर सकाळी दहाला घेतलेला शॉट दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला जुळत नाही, कारण भरती रोज सुमारे पन्नास मिनिटं पुढे सरकते. काल जिथं ओली वाळू होती तिथं आज गुडघाभर पाणी असतं. आणि अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात आदल्या दिवशी लावलेला सेटही वाहून जाऊ शकतो. कंटिन्युइटीच्या वहीत कपडे, केस, हातातला पेला यांच्या नोंदी सगळेच करतात. तू प्रत्येक किनाऱ्याच्या शॉटपुढे तिथी आणि भरती-ओहोटीची वेळ लिही. शेड्यूल लागायच्या आधी हा तक्ता करून दिलास तर कॉल टाइम ठरवताना तुझं नाव निघेल. दांडी किनाऱ्यावरच्या कुठल्याही म्हाताऱ्या मच्छीमाराला तिथी सांगितली की तो पाण्याची वेळ तोंडावर सांगतो. त्याच्याकडून ताडून घे.

तिसरी गोष्ट इथला काळवेळ. मे संपताना सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या बंद होतात. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक मासेमारीला बंदी असते, त्यामुळे ट्रॉलर मागे दिसायला हवा असेल तर तो शॉट मेमध्येच उरकावा लागतो. सिंधुदुर्ग किल्ला पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे, तिथं चित्रीकरणाला त्यांची परवानगी लागते. जेटीसाठी मेरीटाइम बोर्ड, ड्रोनसाठी वेगळे नियम. 'गावातलीच पोरगी आहे, करून देईल' असं म्हणून हे तुझ्या गळ्यात मारतील. अर्ज कुठं जातो, किती दिवस लागतात, ते शीक. पण कुणाच्या ओळखीवर विनापरवाना काही उरकून देऊ नकोस. युनिट परत जातं, आपण इथंच राहतो.

हे सगळं असलं तरी चहा वाटावा लागेलच. त्याची लाज धरू नकोस. दशावतारी कंपनीतला नवा पोरगा पूर्वी पेटारे वाहायचा आणि रात्री पडद्याआड बसून ऐकायचा, कारण त्या नाटकाला लिहिलेली संहिता नसते. आख्यान ठरतं आणि संवाद उभ्या जागी सुचतात. ऐकल्यावाचून ते येतच नाही. फरक इतकाच, की पेटारे वाहणाऱ्याला कधीतरी तोंडाला रंग लावायला मिळायचा. पंधरवडा उलटला आणि हातात अजून कपबशीच असेल, तर ज्यांच्या हाताखाली आहेस त्यांना सरळ विचार: 'मॅडम, उद्यापासून एका सीनची नोंद मी ठेवू का? तुम्ही तपासा.' काम मागणाऱ्याला सहसा कोणी हाकलत नाही. हाकललं, तर तुमच्या कॉलेजच्या मार्गदर्शकांना त्याच दिवशी कळव.

मालिकेचा वेग तुला सुरुवातीला झेपणार नाही. अर्ध्या तासाच्या भागात जाहिराती वजा जाता बावीसेक मिनिटं भरायची असतात आणि आठवडाभर रोज. पावसात वीज जाते, रस्ता अडतो, आणि आगाऊ चित्रित केलेले भाग शिल्लक नसले तर सगळ्यांची डोकी फिरतात. त्या वेळी कोण ओरडतं आणि कोण शांत राहून पुढचा सीन आत घरात घेतं, ते बघून ठेव. कार्डावरचा डेटा दोन ठिकाणी उतरल्याची खात्री होईपर्यंत ते पुसू देऊ नकोस, कितीही घाई असो. लेपल माइकमध्ये वारा शिरतोय असं वाटलं तर साउंडवाल्यांच्या कानावर घाल. सेटवरचे फोटो इन्स्टाग्रामवर टाकू नकोस. एका फोटोतून पुढची कथा फुटते आणि विश्वास संपतो.

आता व्यवहाराचं. हे लाजून विचारायचं नसतं. रुजू होण्याआधी एक पत्र घे. त्यात कामाचं स्वरूप, तारखा, रोजचे तास, तुझी जबाबदारी कोणावर, विद्यावेतन किती, जेवण आणि रात्री घरी सोडायची गाडी, श्रेयनामावलीत नाव, आणि तुझ्या कामाच्या नोंदी प्रकल्पात वापरायची परवानगी, एवढं असू दे. विद्यावेतन देत नसतील तर निदान प्रवास आणि जेवण तुझ्या खिशातून जाता कामा नये. शिकवतो म्हणून पैसेच मागणारा कोणी भेटला तर तिथून उठ.

आणि एक गोष्ट मुलगी म्हणून सांगतो, मुलगा असतास तरी सांगितली असती. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा शिकाऊ आणि प्रशिक्षणार्थी स्त्रियांनाही लागू आहे. लोकेशन आणि कंपनीनं दिलेली गाडीसुद्धा त्यात कामाचं ठिकाण धरली जाते. दहा किंवा अधिक माणसं असतील तिथं अंतर्गत समिती असलीच पाहिजे. नसेल तर जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. समितीवर कोण आहे हे पहिल्याच दिवशी विचार. केरळच्या चित्रपटसृष्टीतल्या स्त्रियांच्या परिस्थितीबद्दलचा हेमा समितीचा अहवाल २०२४ मध्ये बाहेर आला तेव्हा कळलं, की किती जणींनी काम जाईल या भीतीनं तोंड मिटून घेतलं होतं. तुझं काम गेलं तर जाऊ दे. चार श्रेयांक दुसरीकडे मिळतील.

त्या श्रेयांकांचंही ऐक. २०२० च्या शैक्षणिक धोरणानंतर आपल्या विद्यापीठांनी एम.ए.च्या पहिल्याच वर्षात ही ओजेटी आणली, आणि बरीच मुलं ती शिक्का मारून आणायची गोष्ट समजतात. तुमच्याकडे तिच्याऐवजी क्षेत्र प्रकल्पाचीही सोय आहे असं तू म्हणालीस. युनिटचं काम कुठल्याही कारणानं फिसकटलं तर तोच घे आणि पिंगुळीला जा. तिथल्या ठाकर समाजानं चित्रकथी जपली आहे. परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली ती त्याच कामासाठी. चित्रांच्या पोथीतलं एकेक चित्र पुढे करत गाऊन गोष्ट सांगायची ही कला म्हणजे शॉटमागून शॉट लावणंच आहे, आणि एडिटिंगच्या विद्यार्थिनीनं ती जवळून पाहायला हवी.

अहवाल लिहिताना 'अमूल्य अनुभव मिळाला' असली वाक्यं नकोत. काय करायला दिलं, कसं केलं, कुठं अडलं, कुणी सोडवून दिलं, ते तारीखवार लिही. त्यासाठी रोज रात्री झोपण्याआधी अर्धं पान लिहायची सवय लाव. पुढे नोकरीच्या मुलाखतीत प्रमाणपत्रापेक्षा ती वही जास्त बोलेल.

अंधेरीच्या संस्थेला नम्रपणे नकार कळव, कारण दोन वर्षांनी तिथंच अर्ज करायचा प्रसंग येईल. त्या वेळी हाताशी केलेलं काम असेल आणि 'आल्यावर बघू' हे उत्तर तू ऐकून घेणार नाहीस. कुडाळच्या मॅडमना मात्र उद्याच होकार दे, आणि होकाराबरोबर एप्रिल-मेचा भरती-ओहोटीचा तक्ता पाठव. कोणी मागितला नसला तरी पाठव.

आईला नमस्कार सांग. आजीला हे पत्र वाचून दाखव.

तुझा,
मामा